दुनळी रायफल : बॉक्सलॉक की साइडलॉक?

भारतात १९७२ पासून शिकारबंदी आहे, त्यामुळे सोलापुरात बसून दुनळी रायफल घडवून घ्यायची ती आफ्रिकेतल्या कायदेशीर शिकारीसाठीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात. म्हणून निवड आधीच पक्की करा.

बॉक्सलॉक म्हणजे १८७५ ची ॲन्सन आणि डीली यांची रचना, घोडा-चापाची यंत्रणा नळ्यांमागच्या पेटीत बसवलेली. भाग कमी, किंमत कमी, दस्त्याचं लाकूड कमी कोरलेलं. साइडलॉकमध्ये यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसते, साफसफाईला सुटी होते आणि चापाची ओढ जास्त बारकाईने बसवता येते. त्यात बहुधा घोडा अडवणारा दुसरा अडसर असतो, रायफल पडली तरी घोडा सहसा सुटत नाही. मात्र पट्ट्यांसाठी दस्ता मानेजवळ पोखरावा लागतो. सोलापूरचा कोरडा उन्हाळा आणि मग पावसाळी दमट हवा यांत लाकूड आक्रसतं-फुगतं. बसवणी ढिली झाली तर .४७० सारख्या जड काडतुसाच्या धक्क्याने चीर पडते ती इथेच. बॉक्सलॉक घेऊन वाचलेल्या पैशांत दस्त्याला चांगलं अक्रोडाचं लाकूड घ्यावं, नक्षी नंतर!

खरी मेख मात्र दोन्हींत सारखीच, ती म्हणजे नळ्यांची जुळणी, म्हणजे दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागतील अशी बसवणी. .४७० नायट्रो एक्सप्रेस या काडतुसाला ५०० ग्रेनची (सुमारे ३२ ग्रॅम) गोळी, वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट. जुळणी त्याच काडतुसावर होते. वेग कमी पडला की उजवी नळी उजवीकडे, डावी डावीकडे मारते. जास्त झाला की गोळ्या एकमेकींना ओलांडतात. कोणत्या काडतुसावर, किती अंतरावर जुळवली, ते कारागिराकडून लेखी घ्या. वजन पाच किलोच्या आसपास ठेवा. हलकी रायफल खांदा फोडते.