जेल पॉलिश काढायच्या क्लिपा: काही महिने वापरल्यानंतर

अ‍ॅसिटोनमध्ये (पॉलिश काढायच्या द्रवात) भिजवलेला कापूस नखावर दाबून धरायला बोटांना या प्लास्टिकच्या क्लिपा लावतात. परवा त्यातली एक बिजागरीपाशी तडकली. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, ‘वापराने झालेली झीज बदलून मिळत नाही.’ पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलंय की या जेल पॉलिश काढण्यासाठीच आहेत. ते काढायला अ‍ॅसिटोनच लागतं, आणि कडक, चकचकीत प्लास्टिकचे बरेच प्रकार अ‍ॅसिटोनने मऊ पडून तडकतात. ज्या कामासाठी वस्तू विकता, त्याच कामाने ती फुटत असेल तर त्याला झीज म्हणायचं?

पण माझा खरा राग मापावर आहे. दहाच्या दहा क्लिपा एकाच मापाच्या! अंगठ्याला इतकी घट्ट बसते की नख ठणकतं, आणि करंगळीवरून निसटते. निसटली नाही तरी बाजूला फट राहतेच. दिव्याखाली पक्कं झालेलं जेल साध्या नेलपेंटसारखं विरघळत नाही. अ‍ॅसिटोन आत शिरून ते फुगवतं, मग ते नखापासून सुटतं. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं कापूस ओला राहायला हवा, आणि अ‍ॅसिटोन तर भराभर उडतं. करंगळीचा कापूस मध्येच कोरडा होतो, खालचं जेल जागचं हलत नाही. मग माणूस वैतागून ते सोलायला जातो आणि त्याबरोबर नखाचे वरचे पापुद्रे निघतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला जवळपास सहा महिने. एका सैल क्लिपपायी हे कशाला सोसायचं?

पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल यापेक्षा कितीतरी सरस. जसं बोट तशी ती वळते, फट राहत नाही आणि खर्च नावापुरता. त्यामुळे क्लिपा टाकूनच देणार होते.

पुढे मत थोडं बदललं. डाव्या हाताची पाचही बोटं फॉइलमध्ये गेली की त्या हाताने उजव्या बोटांना फॉइल वळताच येत नाही. क्लिप मात्र तशा बोटांनीही दाबून लावता येते. म्हणून आता डावीकडे फॉइल आणि उजवीकडे मधल्या तीन बोटांना क्लिपा. उजवा अंगठा आणि करंगळी लेक बांधून देते.

आधी फायलरने वरची चकाकी घालवाच, नाहीतर अ‍ॅसिटोन आत शिरत नाही. पण नखापर्यंत घासू नका. ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ रिमूव्हरवर पैसे घालवू नका, जेलपुढे ते चालत नाही. भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावा. जेल पुशरने, म्हणजे नखावरून ढकलायच्या चपट्या काडीने, हलकेच ढकलून सुटलं नाही तर पुन्हा पाच मिनिटं गुंडाळा. ओतायला काचेची वाटी घ्या, थर्माकोलची विरघळते. आणि हे काम स्वयंपाकघरात किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ मुळीच नको. अ‍ॅसिटोनची वाफही पेट घेते, त्यामुळे खिडकी उघडी ठेवा आणि लवकर व्हावं म्हणून बाटली गरम करू नका. झाल्यावर हात धुऊन नखांना खोबरेल चोळा.

नखाभोवती आग होत असेल किंवा नख बुडापासून सुटलं असेल तर घरी काही करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

दोन-तीन मापांचा, पाच क्लिपांचा सेट कुणी काढला तर मी घेईन. हा दहाचा सेट पुन्हा नाही.