दत्तक संस्थेचा अनुभव : बाळासाठी पाच तारे, आईसाठी तीन

मी नोकरदार मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहे. संस्थेचं आणि गावाचं नाव इथे देत नाही, कारण त्यावरून माझ्यासोबत आलेल्या मुलीपर्यंत कुणी पोचू नये. कायदा सगळीकडे एकच असल्यामुळे मान्यता असलेल्या कुठल्याही दत्तक संस्थेत गेलात तरी टप्पे हेच असतील. कुणाला तरी लागेल म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या वसतिगृहातली ही मुलगी एकवीस वर्षांची, अविवाहित. मला कळलं तेव्हा सातवा महिना लागला होता. गर्भपाताची कायद्यातली चोवीस आठवड्यांची मुदतही उलटून गेलेली. बाळ सांभाळणं आपल्याला जमणार नाही, हे ती स्वतःच सांगत होती, पण पुढे करायचं काय हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. मोबाइलवर शोधलं तर सगळी माहिती मूल हवं असणाऱ्यांसाठी. नोंदणी कशी करायची, कागद कुठले लागतात, किती वर्षं थांबावं लागतं, सगळं तपशीलवार. मूल देणाऱ्या आईसाठी कुठेतरी खाली चार ओळी. त्यात मधूनमधून अमेरिकेतल्या संस्थांच्या जाहिराती : घर तुम्ही निवडा, फोटो बघा, दवाखान्याचा खर्च आम्ही करू. ते वाचून आमची मुलगी विचारायला लागली, 'काकू, मला त्या घरच्यांना भेटता येईल का?' नाही. आपल्याकडे संस्थेमार्फत मूल देताना आईला घर निवडता येत नाही, आणि पैशाची देवघेव तर गुन्हाच आहे. दत्तक घेणाऱ्यांची यादी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या संगणकावर असते आणि मूल त्या क्रमाने जातं. हे पहिल्याच दिवशी कळलं तर खोट्या आशा तरी लागत नाहीत.

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. जन्माला यायचंय त्या बाळासाठी तिथे फोन करायचा, हे मला सुचलंच नसतं. तिथून संस्थेचा पत्ता मिळाला. संस्थेतल्या समाजसेविका ताईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, जेवण जातंय का, रक्त तपासलंय का, झोपतेस कुठे. बाळाचा बाप कोण हे पहिल्या भेटीत विचारलंच नाही. तीन तारे दिलेत त्यातला एक याचा. मुलीला धास्ती होती ती त्या पोराच्या सहीची. ताईंनी नियम सांगितला : आई अविवाहित असेल तर समर्पण, म्हणजे मूल कायदेशीरपणे दत्तकासाठी सोपवणं, फक्त तीच करू शकते, लग्न झालेलं असेल तर दोघांच्या सह्या लागतात. घरी कुणी फोन केला नाही. मुलगी अठराच्या आतली असती तर मात्र पोलिसांना कळवणं भागच असतं, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार मोलाची वाटली. बाळ जन्मायच्या आधी कुठल्याही कागदावर सही घेत नाहीत. तोवर फक्त बोलणं. त्या बोलण्यात ताई 'दे' म्हणाल्या नाहीत की 'ठेव' म्हणाल्या नाहीत. ठेवायचं ठरवलंस तर काय काय आहे, तेही सांगितलं. जन्मदाखल्यासाठी बापाचं नाव सांगायची सक्ती नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच तसा निकाल दिलाय. राहायला जागा नसलेल्या बायकांसाठी सरकारी 'शक्ती सदन' आहे, पूर्वी ज्याला स्वाधार गृह म्हणायचे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. हे सगळं ऐकून झाल्यावरही ती आपल्या निर्णयावर राहिली, तेव्हा मला जरा धीर आला. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथेही बाळंत होऊन मूल सोबत न्यायचं की तिथेच सोडायचं हे आईच्या मर्जीवर असे. तिथेच जन्मलेल्या यशवंताला पुढे त्या दोघांनी दत्तक घेतलं. दीडशेहून जास्त वर्षं झाली आणि अजून आम्हाला हा पत्ता फोन करकरून शोधावा लागतो.

आता कुठे कमी पडलं ते. प्रसूतीसाठी आम्ही गेलो त्या रुग्णालयात वॉर्डातल्या बायकांनी 'नवरा कुठाय' विचारून भंडावलं. ते एक वेळ समजू शकते, पण केसपेपर हातात असलेल्या कर्मचाऱ्यांनीही तेच विचारावं? बाळ जवळ ठेवायचं की वेगळं, हे तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेजारच्या खाटेवर बारशाची नावं चाललेली, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. दूध येणारच, आणि ते थांबवायला गोळी असते, ती डॉक्टरांनी वेळेवर द्यायची असते, हे आधी सांगणारं कुणी नव्हतं. संस्थेनेही नाही. बाळाची दुधाची पावडर, लंगोट, लसीची तारीख, सगळं त्यांच्याकडे चोख होतं.

समर्पण होतं बाल कल्याण समितीपुढे. मला वाटलं होतं कोर्ट असेल. तसं काही नाही, टेबल, खुर्च्या, अध्यक्ष आणि सदस्य, त्यात बाई असावीच लागते. बोलणं बंद दाराआड झालं. मला बाहेर बसवलं, मुलीला एकटीला विचारलं की कुणाचा दबाव आहे का, कुणी पैसे देऊ केलेत का. मला बाहेर काढलं याचं तेव्हा वाईट वाटलं, पण मी तिथे असते तर ती माझ्याकडे बघून उत्तरं देत बसली असती. समर्पणपत्रात आणखी एक प्रश्न असतो : पुढे कधी मूल शोध घेत आलं तर तुमची ओळख सांगायची का? एवढा मोठा प्रश्न, आणि उत्तर मात्र लगेच त्या टेबलाशी. हा प्रश्न आधीच्या भेटींमध्ये काढायला हवा होता. ताईंना मी तसं सांगितलंही.

सही केल्यापासून साठ दिवस आईला बाळ परत नेता येतं. नंतर नाही. ही मुदत निव्वळ कागदावरची नाही. आमच्या पुढे-मागे तिथे आलेल्या एका मुलीने बाळ परत नेलं, आणि संस्थेत कुणाचंही तोंड वाकडं झालं नाही. आमचीने नेलं नाही. त्या दोन महिन्यांत तिला ताईंचे फोन यायचे. मुदत संपली आणि फोन संपले. बाळ कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालं, फाइल पुढे सरकली, आणि आई त्या फाइलच्या बाहेर. खरं रडणं त्यानंतर सुरू झालं. समुपदेशकाकडे मीच घेऊन गेले, पैसे भरून. संस्थेचा दोष म्हणावा तर त्यांच्याकडे माणसं मोजकीच, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. पण दोन तारे याच गोष्टीचे कापलेत.

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांच्यासाठी : समितीपुढे जाताना आधार कार्ड, रुग्णालयाचे कागद, आणि लग्न झालेलं असून नवरा वारला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. दूध थांबवण्याबद्दल डॉक्टरांना नवव्या महिन्यातच विचारा. आणि 'आमच्या ओळखीत चांगलं घर आहे, परस्पर करून टाकू' म्हणणारी नर्स, दलाल, नातेवाईक कुणीही भेटो, सरळ उठून निघा. असं परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे घेऊन केलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि रुग्णालयातल्या माणसाने केलं तर सातपर्यंत. शिवाय त्या वाटेने गेलात तर साठ दिवसही मिळत नाहीत.