८ महिने मॅन्युअल गाडी, रोजचे दोन चढ

मार्चमध्ये जुनी मॅन्युअल गाडी घेतली, आता नोव्हेंबर संपत आला. मधल्या काळात गाडी साडेसात हजार किलोमीटर चालली. ॲव्हरेज, सीट, डिकी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल: चढावर थांबलेली गाडी मागे न सरकता पुढे कशी काढायची. पहिले दोन महिने याच एका भीतीपायी मी गाडी विकायला निघाले होते.

गाडी अगदी साधी आहे. १,००० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही, पाच गिअर, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आणि तारेवर चालणारा हँडब्रेक. चढावर ब्रेक क्षणभर आपोआप धरून ठेवणारी हिल होल्डची सोय नाही. त्याआधी चार वर्षं मी ऑटोमॅटिक चालवली होती, त्यामुळे डाव्या पायाला काही काम असतं हे शरीर विसरूनच गेलं होतं.

घर पंचवटीत, हिरावाडीला. नोकरी सातपूरला. नाशिकबाहेरच्यांना वाटतं शहर सपाट आहे. नवीन नाशिक बरंचसं तसं आहेही, पण गोदाकाठचं जुनं गाव टेकड्यांवर वसलंय. नऊ शिखरांवरून नाशिक नाव पडलं असं घरोघरी सांगतात. ते खरं असो-नसो, क्लचवर पाय ठेवून त्या भागातून गेलं की पटतं. सकाळी मालेगाव स्टँडवरून उतरायचं, होळकर पूल ओलांडायचा आणि रविवार कारंजाकडे चढायचं. संध्याकाळी उलट: कारंजावरून उतरायचं, पूल, मग मालेगाव स्टँडचा चढ. म्हणजे जाताना एक चढ, येताना एक, आणि दोन्हीकडे गाड्या तुंबलेल्या. मोकळ्या रस्त्यावर हे चढ काहीच नाहीत. त्रास होतो तो दर दहा-पंधरा फुटांवर थांबून पुन्हा निघण्याचा.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मालेगाव स्टँडच्या चढावर गाडी बंद पडली. स्टार्टर मारला, घाईत क्लच सोडला, पुन्हा बंद. मागून हॉर्न सुरू झाले. तिसऱ्यांदा ब्रेकवरून पाय काढला आणि ॲक्सिलेटरपर्यंत पोहोचायच्या आत गाडी घरंगळत मागच्या रिक्षाला टेकली. लागलं कुणाला नाही, रिक्षाच्या पुढच्या पत्र्याला थोडा पोचा आला. त्याचे पैसे मी तिथेच दिले. रिक्षावाले दादा ओरडतील असं वाटलं होतं. ते खाली उतरले, माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, ‘ताई, हँडब्रेक कशाला दिलाय मग?’

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शेजारचे काका ऐकत होते. ते एसटीत चालक होते, आता निवृत्त. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनीच मला शिकवायला घेतलं, आणि तेही रस्त्यावर नाही, आमच्याच बिल्डिंगच्या बेसमेंटच्या रॅम्पवर. मी म्हटलं, काका, हा तर फारच उभा आहे. ते म्हणाले, ‘म्हणूनच. इथं जमलं की घाटात झोप येईल तुला.’

हे मला अतिशयोक्तीचं वाटलं, म्हणून मोबाइलमधलं लेव्हल ॲप रॅम्पवर ठेवून पाहिलं. आठ अंश. म्हणजे १०० फूट पुढे गेलं की साधारण १४ फूट वर. डोंगरी भागातल्या रस्त्यांसाठी भारतीय रस्ते परिषदेचे जे निकष आहेत, त्यांत नेहमीचा चढ १०० ला ५ ते ६ धरतात आणि अगदी नाइलाजाच्या ठिकाणी ७-८ पर्यंत जातात. वजनाचा हिशोब सोपा आहे. माणसांसकट १,१०० किलोची गाडी १०० ला ७ च्या चढावर उभी असेल, तर तिला मागे ओढणारा जोर सुमारे ७७ किलोचा. आमच्या रॅम्पवर तोच जोर दीडशेच्या पुढे. घाटाची भीती बाळगणाऱ्या माणसाने आपण रोज आपल्या पार्किंगमधून काय चढवतो ते एकदा मोजून बघावं.

काकांनी आधी मला हँडब्रेकच तपासायला लावला. रॅम्पच्या मध्यावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि पायाचा ब्रेक हळूच सोडला. गाडी सरकू लागली. हँडब्रेक ओढताना टकटक वाजते ना, तशा नऊ-दहा टकटकींपर्यंत तो वर येत होता आणि तरी पकडत नव्हता. तार ढिली झाली होती. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मागचे ड्रम उघडून साफ करून घेतले, तार ताणून घेतली. त्यानंतर सहाव्या टकटकीलाच गाडी जागची हलेना. आधीचे दोन महिने मी ज्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देत होते, तिचा निम्मा भाग या ढिल्या तारेचा होता.

मग शिकवणी. गाडी पायाच्या ब्रेकवर पूर्ण थांबवायची. हँडब्रेक ओढायचा, बटणावर अंगठा तयार. फर्स्ट टाकायचा. आता उजवा पाय मोकळा झाला, तो ॲक्सिलेटरवर न्यायचा आणि बेताची रेस द्यायची. माझ्या गाडीत इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दीड हजाराच्या आसपास. ती रेस स्थिर धरून क्लच सावकाश सोडायचा. एका जागी इंजिनचा आवाज जाड होतो, काटा जरासा खाली येतो आणि बॉनेट किंचित उचललं जातं. तिथे डावा पाय गोठवायचा. काकांचा शब्द होता, ‘गाडी दम धरते बघ.’ आता हँडब्रेक खाली. गाडी ना पुढे जाते ना मागे, क्षणभर तिथेच लटकते. मग रेस थोडी वाढवायची, क्लच उरलेला सोडायचा, पण एकदम नाही. गाडी आपल्या लांबीइतकी पुढे गेल्यावरच पाय पूर्ण काढायचा.

माझी चूक शेवटच्या पायरीला होत होती. गाडी हलली की सुटल्याच्या आनंदात मी क्लच झटकन सोडायचे आणि गाडी धक्का खाऊन मरायची. दुसरी चूक आवाज न ऐकण्याची. काकांनी रेडिओ बंद करायला लावला, काचा खाली करायला लावल्या आणि वीस-बावीस वेळा तोच रॅम्प. पहिल्या दहा वेळांत सात वेळा गाडी बंद पडली. शेवटच्या पाचांत एकदाही नाही. डोळे काट्यावर ठेवण्यापेक्षा कान आणि सीटखालचा थरथराट जास्त लवकर सांगतो, हे मला त्या सकाळी कळलं.

आता क्लचबद्दल, कारण इथे माझे पैसे गेले. हँडब्रेकची सवय व्हायच्या आधी मी चढावर गाडी हाफ क्लचवरच धरून ठेवायचे. रविवार कारंजाजवळ पाच मिनिटं अडकले की पाच मिनिटं क्लच अर्धा आणि रेस चालू. अनेक अनुभवी लोक अभिमानाने असंच करतात. तेव्हा आत काय होतं? इंजिनबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि चाकांशी जोडलेली क्लच प्लेट एकमेकींवर घासत राहतात. गाडी जागेवर आहे म्हणजे प्लेट थांबलेली आहे आणि फ्लायव्हील मिनिटाला दीड हजार वेळा तिच्यावरून फिरतंय. ती सगळी ताकद उष्णता होऊन प्लेटच्या अस्तरात जाते. तो जळका वास त्याचाच.

मेमध्ये गाडी चढावर रेस घ्यायची, काटा वर जायचा, पण वेग वाढायचा नाही. गॅरेजमधल्या दादांनी एक तपासणी दाखवली, ती कुणालाही करता येते: सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक पक्का ओढायचा, चौथा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. माझं फिरतच राहिलं. क्लच सेट आणि मजुरी मिळून साडेसात हजार गेले. प्लेट आधीच्या मालकाकडेही झिजली असणार, पण शेवटचा घास मीच घेतला.

नवीन प्लेट बसल्यावर गाडी पुन्हा परकी वाटली. प्लेट झिजत जाते तशी क्लच पकडण्याची जागा वर वर सरकते. मला वरची सवय झाली होती, आता ती खाली, जमिनीजवळ आली. दोन दिवस पुन्हा रॅम्पवर गेले. क्लच बदलला की चौकात जायच्या आधी हे करून घ्याच.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये. आईला सप्तशृंगी गडावर न्यायचं होतं. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या खाली नांदुरीला थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं, म्हणून गर्दी नसलेला दिवस निवडला. नांदुरीपासून वर साधारण दहा किलोमीटरचा घाट. धुकं होतं, रस्ता ओला. एका वळणावर वरून एसटी आली आणि माझ्या पुढची जीप थांबली. मीही थांबले, नेमकी वळणाच्या आतल्या कडेला. रस्त्याचा सरासरी चढ कितीही असो, वळणाची आतली बाजू त्याहून उभी असते, कारण तेवढीच उंची तिथे कमी अंतरात चढायची असते. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी असा नियम आहे, पण एसटीला तिथे वळायलाच जागा लागते, म्हणून जीपवाल्याने तिला जाऊ दिलं. ते बरोबरच केलं.

मागे एक मोटारसायकल, नवरा-बायको आणि मध्ये लहान मूल, माझ्या बंपरपासून दोन हातांवर. आई म्हणाली, ‘सावकाश गं.’ मी हँडब्रेक ओढला, काच खाली करून त्यांना हाताने मागे व्हायला सांगितलं. हे मी आता नेहमी करते. आपली गाडी मागे घरंगळते तेव्हा रिव्हर्सचा दिवा लागत नाही आणि पाय उचलल्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही विझतो. मागच्याला कळायला काहीच मार्ग नसतो. एसटी गेली. एसी बंद केला, गॅसवरून पेट्रोलवर घेतलं, रेस, क्लच, आवाज जाड झाला, हँडब्रेक खाली. गाडी एक बोटभरही मागे गेली नाही. आई खिडकीतून धुकं बघत होती. तिला काही कळलंही नाही, आणि मला तेच हवं होतं.

सीएनजीचं सांगायलाच हवं. गॅसवर या छोट्या इंजिनाची ताकद जाणवेल इतकी कमी होते. एकटी असेन तर कारंजाचा चढ गॅसवर निघतो. चार माणसं आणि एसी असेल तर मी उभ्या चढाआधीच पेट्रोलचं बटण दाबते. गॅसवर ठेवायचंच असेल तर रेस दोनशे-तीनशेने जास्त लागते, आणि जास्त रेस म्हणजे क्लचला जास्त घासणं.

पावसात मात्र उलट काळजी. आमच्या रॅम्पवर जुलैमध्ये शेवाळ धरलं आणि पुढची चाकं जागेवर फिरू लागली. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं वजन चढावर मागे झुकतं, पुढची पकड कमी होते, आणि मागे माणसं बसली की आणखी. अशा वेळी रेस वाढवणं ही सगळ्यात चुकीची गोष्ट. कमी रेस, क्लच आणखी सावकाश. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी रॅम्पवर आडव्या खाचा मारून घ्यायचा विषय काढला, ते काम दिवाळीआधी झालं. ओल्या चपलेने पेडलवरून पाय सटकतो, म्हणून गाडीत कोरडे बूट ठेवते.

मैत्रिणीच्या नवीन गाडीत हिल होल्ड आहे. तीही मॅन्युअल. ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी साधारण दोन सेकंद ब्रेकचा दाब स्वतः धरून ठेवते. चालवून पाहिली, सोय उत्तम आहे. नवीन गाडी घेणाऱ्याने जरूर घ्यावी. पण दोन सेकंदांनंतर ती सोडतेच, आणि तोवर क्लच कुठे पकडतो हे पायाला माहीत नसेल तर गाडी बंद पडायची ती पडतेच. ती मैत्रीण आमच्या रॅम्पवर दोनदा अडकली.

हलक्या चढावर आता मी प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढत नाही. पायाच्या ब्रेकवरच क्लच पकडीपर्यंत आणते, आवाज बदलला की पाय ॲक्सिलेटरवर. सपाटीसारख्या चढांना ते पुरतं. पण अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक, दोन्ही पाय मोकळे. क्लच दाबून बसलं की त्याचं बेअरिंग झिजतं आणि गुडघाही दुखतो.

जुनी मॅन्युअल गाडी बघायला जाणार असाल तर सपाट रस्त्यावर फेरी मारून पैसे देऊ नका. जवळच्या चढावर न्या. हँडब्रेक ओढून पाय सोडा आणि दहापर्यंत मोजा. मग तिथूनच, मागे कुणी नाही बघून, गाडी उठवा. क्लच अगदी वर, पाय जवळजवळ सुटता सुटता पकडत असेल किंवा वास आला, तर क्लच सेटचे पैसे किमतीतून कमी करून मागा. मला हे मार्चमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. माझा हँडब्रेक आता पुन्हा आठव्या टकटकीवर गेलाय, शनिवारी तार ताणायला टाकणार आहे.