सात दातांचं एस्टिमेट घेऊन गेले, दोन भरून आले

आधीच सांगते, मी या दातांच्या क्लिनिकमध्ये गेले ती सेकंड ओपिनियनसाठी. त्याआधी दुसऱ्या एका चकाचक क्लिनिकमध्ये (नाव घेत नाही, उगाच कशाला) फ्री चेकअपच्या नादात गेले होते, तिथे दहा मिनिटांत तोंडात आरसा फिरवला, टोकदार सुईसारखं कायतरी प्रत्येक दाढेत खुपसून बघितलं आणि हातात कागद दिला. सात दात किडलेत, सात फिलिंग, त्यातल्या एकाला बहुतेक रूट कॅनल लागेल, मिळून ३८ हजार, आजच अ‍ॅडव्हान्स भरला तर दहा टक्के कमी. आणि माझा एकही दात दुखत नव्हता हो.

ऑफिसमधल्या एकीने डोंबिवली पूर्वेच्या या मॅडमचं नाव सुचवलं. सोसायटीच्या तळमजल्यावरचं दोन खुर्च्यांचं क्लिनिक, बाहेरून बघाल तर झेरॉक्सचं दुकान वाटेल. अडीच वर्षं झाली, आता सगळं घर तिथेच जातं, म्हणून म्हणलं नीट लिहूया.

पहिल्या दिवशी मॅडमनी तो ३८ हजारांचा कागद बघितलाच नाही, म्हणाल्या बाजूला ठेवा, आधी मी बघते. पहिल्यांदा दात साफ केले, मग एकेका दातावर हवा मारून तो कोरडा केला आणि मगच बघितलं. मी विचारलं हवा कशाला, तर म्हणाल्या की कीड अगदी सुरुवातीला असते तेव्हा खड्डा नसतोच, खडूसारखा पांढरा डाग असतो, आणि दात ओला असला की तो दिसतच नाही. आणि टोकदार सुई त्यांनी कुठेच खुपसली नाही. तशा मऊ झालेल्या डागात जोरात टोचलं तर जो खड्डा नव्हता तो आपणच पाडतो, म्हणून आता तसं करायचं नसतं म्हणे. मला तर लहानपणापासून वाटायचं सुई अडकली म्हणजे कीड, विषय संपला.

मग दोन एक्स-रे, ते पट्टी चावून धरायचे असतात ना तसले. दोन दाढा एकमेकींना चिकटून असतात त्या फटीतली कीड वरून कितीही टॉर्च मारला तरी दिसत नाही, ती यात दिसते. स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. पाच दातांमध्ये सावली फक्त वरच्या कडक थरात होती, इनॅमलमध्ये, आतल्या डेंटिनपर्यंत पोचली नव्हती. दोन दातांमध्ये पोचली होती. त्या दोन भरायच्या, बाकीच्या पाचांना आज हात लावायचा नाही. रूट कॅनल? कुठल्याच दाताला नाही.

मी जरा घाबरलेच खरं सांगायचं तर. कीड आहे हे दिसतंय आणि बाई म्हणतात राहू दे? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलंय. आपण गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं अ‍ॅसिड करतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त अ‍ॅसिड) साडेपाचच्या आसपास किंवा खाली गेला की दातातलं कॅल्शियम सुटायला लागतं, मग अर्ध्या-पाऊण तासात लाळ ते अ‍ॅसिड मारते आणि कॅल्शियम परत बसवते. हे दिवसभर चालू असतं, जमा-खर्चासारखं. (मी अकाउंट्समध्ये आहे हे फॉर्मवर वाचलं असणार.) वरचा थर फुटला नसेल तोवर खातं परत जमेत आणता येतं, खड्डा पडला की मात्र भरावंच लागतं. आणि एकदा भरलेला दात आयुष्यभर सांभाळावा लागतो, फिलिंग कधीतरी निघतं, मग त्याहून मोठं, मग त्याहून मोठं, शेवटी कॅप. म्हणून पहिलं फिलिंग जितकं लांबवता येईल तितकं बरं.

पण नुसतं 'बघू' म्हणून घरी नाही पाठवलं. चार दिवस जे जे तोंडात जाईल ते वेळेसकट लिहून आणायला सांगितलं. लिहिलं, आणि लाजच वाटली. मी गोड खात नाही, मिठाईला हातही लावत नाही, हे सगळ्यांना ठासून सांगणारी मी, दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा, दोनदा बिस्किटं, ट्रेनमध्ये घसा खवखवतो म्हणून चघळायची गोळी, ती डोंबिवलीला सुरू केली की मुलुंडपर्यंत तोंडात. मॅडम म्हणाल्या तुम्ही साखर किती खाता यापेक्षा किती वेळा खाता ते बघा. एका बसणीत चार गुलाबजाम परवडले पण दिवसभर अर्धा अर्धा कप गोड चहा नको, कारण लाळेला जमेची वेळच मिळत नाही. आता दोन चहा साखरेचे, तेही नाश्त्याबरोबर, बाकी बिनसाखरेचे. गोळी बंद. आठवडाभर डोकं दुखलं, मग सवय झाली.

दुसरं म्हणजे चूळ. आपल्याकडे ब्रश झाल्यावर बेसिनपाशी उभं राहून खळखळून पाच-सहा चुळा भरल्याशिवाय ब्रश केल्यासारखं वाटत नाही, बरोबर? तर तसं करायचं नाही. फेस थुंकायचा आणि सोडून द्यायचं, कारण कॅल्शियम परत बसायला मदत करणारं पेस्टमधलं फ्लोराइड दातावर थांबायला पाहिजे, आपण तेच धुऊन टाकतो. आणि मी ती हर्बल पेस्ट वापरत होते तिच्यात फ्लोराइड नव्हतंच! डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघा. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड चालतं, मॅडम म्हणाल्या त्याच्या जवळपासची घ्या. माझी मावसबहीण यवतमाळकडची, तिच्या गावात बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिकडच्या पोरांचे दात त्याने पिवळे-तपकिरी होतात, म्हणून ती फ्लोराइड नावालाच घाबरते. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या ते पोटात गेलेलं फ्लोराइड, दात हिरडीच्या आत तयार होत असताना, तिकडे पाणी बदलणं महत्त्वाचं. थुंकून टाकायची पेस्ट वेगळी गोष्ट.

त्या पाच दातांवर फ्लोराइडचं व्हार्निश लावलं, ब्रशने, दोन मिनिटांचं काम. त्यात २२,६०० पीपीएम असतं म्हणजे पेस्टच्या बावीसपट. चव गोंदासारखी, दिवसभर दात चिकट लागतात, दर सहा महिन्यांनी लावायचं. वर्षाने परत एक्स-रे काढला. पाचातले चार जिथल्या तिथे. एक पुढे सरकला होता, तो भरला. हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर वाटेल व्हार्निश म्हणजे जादू आहे. मॅडमना मी म्हणलं सुद्धा, तेव्हाच भरला असता तर? शांतपणे म्हणाल्या, मग बाकीचे चारही उगाच भरले असते.

आता मुलाचं. तेव्हा चार वर्षांचा होता आणि तीन वर्षांपर्यंत रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायचा, चूक माझी, मान्य. वरचे पुढचे दोन दात किडलेले आणि खालची एक दाढ. मशीन बघूनच रडारड. मॅडमनी पुढच्या दातांवर एक औषध लावलं, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, थेंबभर, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, पोरगं गप्प बसलं. कीड जागच्या जागी थांबते पण किडलेला भाग काळा पडतो, कायमचा. हे त्यांनी आधी फोटो दाखवून सांगितलं, सही घेतली. मी घरी सासूबाईंना सांगायला विसरले.

"कीड काढायला नेलंत आणि पोराचा दात डांबर लावल्यासारखा करून आणलात?" दोन दिवस अबोला. शेवटी आईंनाच घेऊन गेले. आई कऱ्हाडकडच्या, त्यांच्या लहानपणी दाढ दुखली की रिंगणीच्या बियांची धुरी द्यायचे आणि वाडग्यातल्या पाण्यात किडे पडलेले दाखवायचे. कीड म्हणजे अळी, ती बाहेर काढायची, हे त्यांचं पक्कं. मॅडम हसल्या नाहीत (मी हसले असते). म्हणाल्या, आई, अळी नसतेच, पाण्यात पडतं ते त्या बियांतलंच असतं, पण धुरीने जरा बरं वाटत असेल. हा दात दुधाचा आहे, सातव्या-आठव्या वर्षी पडेल, तोवर दुखू नये आणि पू होऊ नये एवढंच बघायचंय, काळा म्हणजे तो आता वाढत नाहीये. आईंना पटलं. इतकं पटलं की स्वतःचे दात दाखवून आल्या, आणि मशेरी सोडा हे घरात वीस वर्षं सगळे सांगतायत ते त्यांनी मॅडमचं ऐकलं. निम्मी सोडलीय. असो.

मुलाच्या त्या किडलेल्या दाढेवर स्टीलची कॅप बसवली. तीसुद्धा न कोरता, आधी काही दिवस दाढांच्या मध्ये रबराची रिंग ठेवून जागा केली, मग सिमेंट भरून कॅप वरून दाबली, चाव म्हणलं, झालं. आत अडकलेल्या जंतूंना साखर मिळत नाही म्हणून कीड थांबते. दोन दिवस चावताना उंच लागली, नंतर बसली. वॉचमनकाकांना रोज शाळेतून आल्यावर आ करून दाखवायचा.

दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला पैसे घालायचे असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट जी मला माहीतच नव्हती. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ येते, काहीही न पडता गपचूप येते, आणि ती कायमची असते. निम्मे आईबाप तिला दुधाची समजतात. तिच्या वरच्या खाचा खोल असतात, ब्रशचा केस आत जात नाही. मुलाच्या आता चार आल्यात, चारहींच्या खाचा सीलंटने बुजवून घेतल्या.

नवऱ्याचं थोडक्यात. गार पाण्याने कळ यायची, दोन सेकंदात जायची. ती जात असेल तर नस बहुतेक वाचते, रात्री आपोआप ठणकायला लागलं तर वेळ गेली. मॅडमनी नसेजवळची मऊ कीड थोडी मुद्दाम ठेवली आणि वरून घट्ट सील केली, सगळी खरवडली असती तर नस उघडी पडली असती. दीड वर्ष झालं, दात ठणठणीत.

आता तक्रारी. संध्याकाळच्या अपॉइंटमेंटला काही अर्थ नाही, पाऊण तास धरून चला. फोन क्वचित उचलतात. चपला बाहेर काढायला लावतात आणि पावसाळ्यात तिथे तळं साचतं. फिलिंग करताना तोंडावर जो रबराचा पडदा लावतात तो मला सहन होत नाही, घुसमटतं, पण लाळ लागली की फिलिंग टिकत नाही म्हणून सूट मिळत नाही. आणि स्वस्त नाहीये, फिलिंग १५०० आणि व्हार्निश ८००, आमच्या मेडिक्लेममध्ये यातलं काहीच बसत नाही. खरंच अडचण असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, आमच्या कामवाल्या ताई तिथे जातात, दिवस मोडतो पण काम होतं.

एक स्टार त्या वेटिंगसाठी कापलाय. आमची पुढची तारीख शनिवारी साडेसहाची आहे, म्हणजे सव्वासात.