एनजीके बी८एचएस: बडोद्यात राजदूत ३५० ला लावावा का?

एनजीके बी८एचएस हा स्पार्क प्लग, आणि राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी ३५० ची भारतात बनलेली आवृत्ती, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. प्लगची गोष्ट मात्र शर्यतीपासून सुरू करू. १९३७ च्या लाइटवेट टीटीत, म्हणजे आयल ऑफ मॅन बेटावरच्या मोटरसायकल शर्यतीच्या २५० सीसी गटात, इटालियन ओमोबोनो टेनीला भर शर्यतीत थांबून स्पार्क प्लग बदलावा लागला होता. आयल ऑफ मॅनच्या डोंगराळ रस्त्यावर साठेक किलोमीटरचा एक फेरा, असे सात फेरे. एवढं होऊनही त्याच्या २५० सीसी मोटो गुझीने एक्सेल्सियरवरच्या जिंजर वूडला ३७ सेकंदांनी मागे टाकलं. टीटी जिंकणारा पहिला इटालियन तोच. त्याआधी १९२६ मध्ये गुझीचाच पिएत्रो घेर्सी दुसरा आला होता, पण प्रवेश अर्जात लिहिला त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचा प्लग लावला म्हणून त्याला बाद ठरवलं गेलं. टेनी ट्रेव्हिसोत मेकॅनिकीतून वर आलेला माणूस. तिथल्या फुटबॉल स्टेडियमला आजही त्याचं नाव आहे. १ जुलै १९४८ ला बर्नजवळच्या ब्रेमगार्टन सर्किटवर सरावात तो गेला. मोटरसायकलवरून मोटारींकडे वळलेला आखिल्ले वार्झीही त्याच दिवशी, तिथेच गेला.

त्या काळचे रेसर इंजिन तापवायला 'सॉफ्ट', म्हणजे लवकर तापणारा गरम प्लग लावत आणि सुटण्याआधी तो काढून 'हार्ड', म्हणजे उष्णता लवकर सोडणारा थंड प्लग बसवत. राजदूत ३५० वाल्यांपुढे आजही नेमका हाच पेच आहे, आणि बी८एचएस विकत घेताना तोच आधी सोडवायला हवा.

यामाहाने मूळ आरडी ३५० ला बी८एचएस दिला होता. 'बी' म्हणजे १४ मिमी आटे आणि २०.८ मिमीचा पाना, 'एच' म्हणजे १२.७ मिमी लांबीचे आटे, आणि ८ हा उष्णतेचा आकडा. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशमध्ये नेमकं उलट. काउंटरवर 'साहेब, यापेक्षा एक नंबर वरचा घ्या' असं कोणी म्हणालं, तर आधी कंपनी कोणती ते पाहा.

मांडवी, न्यायमंदिर, रावपुरा अशा गर्दीत दुसऱ्या गिअरवर रांगत जाणाऱ्या गाडीत बी८ स्वतःला साफ ठेवण्याइतका तापत नाही. टोकाला ओलं काळं तेल साचतं आणि एक सिलिंडर बंद पडतो. शहरातच फिरणार असाल तर बी७एचएस घ्या. हालोल रोडने पावागडला जाऊन माचीचा चढ जोरात चढायचा असेल, तर मात्र बी८च हवा. तिथे गरम प्लगमुळे इंजिन ठोके देऊ लागतं आणि पिस्टन धोक्यात येतो.

प्लग बदलण्याआधी जुने दोन्ही शेजारी ठेवून बघा, कारण निम्मा दोष प्लगचा नसतोच. दोन्ही सारखे काळे आणि कोरडे असतील, तर मिश्रणात पेट्रोल जास्त. फक्त उजवा तेलकट आणि मागून पांढरा धूर, तर क्लचकडचं क्रँकशाफ्टचं सील गेलंय आणि सिलिंडर गिअर ऑइल ओढतोय. डावा पांढराफटक असेल, तर जनरेटरकडच्या सीलमधून हवा शिरतेय. अशी गाडी चालवू नका, पिस्टन जाम होईल. नुसता प्लग बदलून यातलं काहीच बरं होत नाही. चॉकलेटी रंग आला की जमलं. हा रंग खरा कळायचा असेल तर नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल द्या, क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद करा, गाडी आपोआप थांबू द्या आणि मग प्लग काढा. आयडलवर घरापर्यंत आणलेल्या प्लगवरचा रंग आयडलचाच असतो.

बसवताना इंजिन पूर्ण गार हवं. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर लावला तर आटे निघून येतात. गॅप फीलर गेजने ०.६ मिमी ठेवा. प्लग बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने नव्या वॉशरवर अर्धा फेरा, पुरे. टॉर्क रेंच असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. चुकून 'ई'वाला, म्हणजे १९ मिमी आट्यांचा बी८ईएस बसवला, तर तो आत सहा मिमीहून जास्त डोकावतो आणि पिस्टनवर आपटू शकतो.

'आर'वाला, म्हणजे आत रेझिस्टर असलेला बीआर८एचएस मिळाला तर प्लग कॅप तपासा. कॅपमध्येही ५ किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर जुन्या पॉइंट्सच्या कॉइलवर ठिणगी अशक्त होते. पावसाळ्यात कॅपचं रबर तडकलेलं असेल तर पाणी शिरून गाडी मिसफायर करते, आणि नवा प्लग उगाच बदनाम होतो.

प्लग म्हणून बी८एचएस उत्तमच आहे, माझी नाराजी नकलांवर आहे. अस्सल प्लगचा वॉशर हाताने सहज निघत नाही, आटे गुळगुळीत असतात, बाहेरचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर डोक्यावर येतो. दुकानदार खोका उघडून पाहू देत नसेल तर तिथून घेऊ नका. आणि घ्याल तेव्हा जोडीने घ्या. एका बाजूला जुना, दुसऱ्या बाजूला नवा ठेवला तर रंगांची तुलना करता येत नाही.