दहा रुपयांचं वायफाय 43,490 ला पडलं

पतसंस्थेत 22 वर्षं कॅशियर आहे मी. चेकवरची रक्कम आकड्यात आणि अक्षरात जुळल्याशिवाय शिक्का मारत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून ‘एवढंही कळू नये?’ म्हणणारे भेटतीलच. भेटलेत.

जूनमधली रात्र, एक जंक्शन, गाडी दोन तास लेट. डेटा संपलेला आणि भाचीचं हॉल तिकीट रात्रीतच पाठवायचं. रिचार्ज कर म्हणाल, तर त्यालाही नेटच लागतं! स्टेशनवरचं रेलटेलचं वायफाय मी नेहमी वापरतो. मोबाईल नंबर, चार आकडी ओटीपी, अर्धा तास फुकट, पुढे हवं तर 10 रुपयांपासून प्लॅन. त्या रात्री यादीत तसंच एक नाव होतं, मागे फक्त ‘फास्ट’ जोडलेलं. रेंज फुल. नंबर टाकला तर म्हणे आजचा मोफत वेळ संपला, 10 रुपये भरा. अरे, मी आत्ता कुठे जोडला होता फोन! संपला कसा? पण दहा रुपयांसाठी कोण डोकं लावतो. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं भरलं.

ओटीपी आला. सहा आकडी, बँकेचा. वर पट्टी येते ना, ‘कॉपी’ म्हणून, तिच्यावर बोट दाबलं आणि पेस्ट केलं. मेसेज उघडलाच नाही. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: 24,500 रुपयांच्या व्यवहारासाठी. ‘पेमेंट फेल’ म्हणून दुसरा मागितला, तोही तसाच दिला. 18,990. मेसेज उघडायला दोन सेकंद लागतात हो! लोकांच्या पाचशेच्या स्लिपा मी दोनदा तपासतो.

ते ‘फास्ट’वालं वायफायच बनावट होतं. आणि वायफाय जोडल्यावर उघडणाऱ्या त्या लॉगिनच्या खिडकीत वेबसाईटचा पत्ता धड दिसतही नाही, मग माणसाने ओळखायचं कशावरून? खऱ्या पैशाचं काही त्या खिडकीत भरूच नका.

सायबर फसवणुकीसाठीचा हेल्पलाईन नंबर 1930 चाळीस मिनिटांनी लागला. तक्रार घेतली, तक्रारीचा नंबर दिला, संपलं. लोहमार्ग पोलीस म्हणाले, पैसे खात्यातून गेले, तुमच्या घराजवळच्या ठाण्यात जा. तिथले म्हणाले, घटना रेल्वेच्या हद्दीतली. जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. तसं म्हटलं तर ‘वकील आहात का?’ आयटी कायद्याचा तपास निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, आणि साहेब बंदोबस्तात. तीन खेटे, तिन्ही वेळा बंदोबस्त. तिसऱ्यांदा तर हवालदाराने मलाच विचारलं, वायफायला पासवर्ड नव्हता का!

बँकेची तऱ्हा वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाची प्रत नेली, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही म्हणून. मॅनेजरने त्याच कागदातल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं: ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. वाचता येतं त्यांना, हे खरं. पण दहा वर्षांत दोन हजारांवर ऑनलाईन खर्च न केलेल्या कार्डावरून रात्री साडेदहाला पाच मिनिटांत एवढी रक्कम जाते, तेव्हा यांची यंत्रणा काय झोपा काढते?

कार्डाची ऑनलाईन मर्यादा ॲपमधून आजच कमी करा, मी 2,000 केलीय. वायफाय आपोआप जोडलं जाणं बंद करा. शेजारच्या प्रवाशाकडे पाच मिनिटं हॉटस्पॉट मागा, लोक देतात. मीच मागायला लाजलो.

बायकोला मी अजून फक्त 18,990 गेल्याचं सांगितलंय. पासबुक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे.