समोच्च रेषा मुलांना कशा शिकवाव्यात: माती, टोपोशीट की मोबाइल?

पाचवी-सहावीच्या मुलांना गडावर न्यायचंय आणि त्याआधी नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वाचायला शिकवायचंय, तर माझं मत सरळ आहे: सुरुवात मातीपासून, मोबाइल सगळ्यात शेवटी.

माती म्हणजे दिवाळीचा किल्लाच. सारख्या जाडीच्या वह्यांची चळत करा, तिच्यावर पेन्सिल आडवी धरून किल्ल्याभोवती फिरवा, मातीत रेघ उमटेल. एक वही वाढवा, पुन्हा फिरवा. मग बरोब्बर वरून फोटो काढा. कड्यावर रेघा एकमेकींना चिकटलेल्या आणि माचीवर दूर गेलेल्या दिसतात; पाठ करायला काही उरत नाही. खरी गफलत होते ती सोंड (डोंगराचा बाहेर उतरत आलेला दांडा) आणि नाळ (दोन दांड्यांमधली पाणी वाहणारी घळ) ओळखताना. कागदावर दोन्हींच्या रेषांना सारखंच टोक येतं. सोंडेचं टोक उताराकडे, नाळेचं चढाकडे. किल्ल्यावर तांब्याभर पाणी ओता, कोणती नाळ ते लगेच कळतं. (हे शेवटी करा, मावळे वाहून जातात.) मात्र नकाशाप्रमाण मातीतून शिकवता येत नाही.

त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची 1:50,000 ची टोपोशीट, म्हणजे उंच-सखलपणा दाखवणारा छापील नकाशा. 1 सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, दोन रेषांमध्ये साधारण 20 मीटरची उंची, दर पाचवी रेषा ठळक. खुल्या मालिकेतल्या शीटची पीडीएफ विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते. अख्खी शीट दोन्ही बाजूंनी अर्ध्या मीटरहून मोठी असते, म्हणून ए-थ्रीवर हवा तेवढाच भाग छापा आणि छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. नाहीतर प्रमाणच बिघडतं. छापल्यावर नकाशावरच्या मोजपट्टीतला 1 किलोमीटर आपल्या पट्टीने मोजून बघा, 2 सेंटिमीटर भरला पाहिजे. काळे ओढे पाहून मुलं हमखास गोंधळतात; वर्षातला बराच काळ कोरडे असणारे ओढे काळ्या रेघेने दाखवतात, हे आधीच सांगून टाका. या शीटची अडचण म्हणजे लहान टेकड्या. पर्वतीसारख्या टेकडीला जेमतेम तीन-चार रेषा मिळतात, त्यामुळे पहिल्या सरावाला सिंहगडासारखा दणदणीत डोंगर निवडा.

ओपनटोपोमॅप हा समोच्च रेषांचा ऑनलाइन नकाशा मोबाइलवर फुकट मिळतो आणि देखणा दिसतो. पण त्याच्या समोच्च रेषा 2000 साली अंतराळयानातून घेतलेल्या रडार-मोजणीवरून काढलेल्या आहेत. तिच्यातल्या नोंदी अंतराअंतरावर आहेत, त्यामुळे सह्याद्रीचा ताशीव कडा बराच सौम्य दिसतो. शिवाय बोटांनी नकाशा मोठा-लहान केला की प्रमाण बदलतं, आणि निळा ठिपका दिसला की ‘आपण कुठे आहोत’ हा प्रश्नच संपतो. शिकणं तर त्या प्रश्नातच आहे. मुलांनी आधी कागदावर बोट ठेवायचं, मग मोबाइल उघडून ताडून बघायचं, एवढ्यापुरता तो उत्तम.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर फक्त माती. नववीच्या पुढची मुलं थेट शीटवर बसवली तरी चालतील, पण एका शीटला तिघंच. चौथा नुसता बघत बसतो.